मण्यांच्या माशाची नोंद

प्रिय पोरी,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा तेच सांगते. सगळे धडधाकट आहेत, कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. माझा गुडघा सोडला तर तक्रार करण्यासारखं काही नाही, आणि गुडघ्याची तक्रार तू नऊ वर्षं ऐकलीस, तेव्हा ती पुन्हा लिहून शाई फुकट घालवत नाही. फोन करता आला असता. पण फोनवर मी पहिल्या वाक्याला चिडते, दुसऱ्याला रडते, आणि मग तू गप्प बसतेस, हे आपलं ठरलेलं. कागदावर निदान मधे थांबून चष्मा पुसता येतो. वर आधी 'प्रिय सूनबाई' लिहिणार होते. मग आठवलं, पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख आहे, त्यानंतर मला तसं म्हणता येईल की नाही ते तुझ्या वकिलांना विचारावं लागेल. पोरी म्हणायला कुणाच्या सहीशिक्क्याची गरज नाही, म्हणून तेच लिहिलं.

तर बातमी अशी. गेल्या सोमवारी आपल्या माशांच्या हॅचरीवर ती नोंदणीवाली मुलगी पुन्हा आली. पुन्हा म्हणजे, चार महिन्यांपूर्वी एकदा येऊन गेली होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पाठीवर पिशवी, पिशवीत स्पिरिटच्या इवल्याइवल्या बाटल्या आणि अठरा पानांचा फॉर्म. मी तिला फॉर्मबाई नाव ठेवलंय. तिच्या तोंडावरही तेच म्हणते, ती हसते. तुझ्याहून दोनचार वर्षांनी लहान असेल. तिचं म्हणणं असं की देशात गाईंच्या जाती किती, गव्हाच्या किती, हे कागदावर सगळं आहे, पण तळ्यात पाळतात त्या माशांचे वाण किती आणि कुणाकडे, हे कुणी कधी लिहूनच ठेवलं नाही. बी, म्हणजे माशांची इवली पिल्लं, एका हॅचरीतून पिशवीत घालून दुसरीकडे जातं, तिथून तिसरीकडे, आणि चार वर्षांनी हा मासा मूळचा कुणाचा ते कुणाला सांगता येत नाही. उद्या एखादा रोग आला आणि सगळ्यांकडे एकच वाण निघाला तर सगळीच तळी एका आठवड्यात बसतील. म्हणून आता सगळ्या देशाची मिळून एक नोंदवही करतायत. त्या वेळी तिने आपल्या तीस माशांच्या परांचे नखाएवढे तुकडे कापून बाटल्यांत भरून नेले होते. माशांना काही कळलंसुद्धा नाही, मीच डोळे मिटून घेतले.

या वेळी ती निकाल घेऊन आली. चार नंबरच्या तळ्यातला आपला मासा खरोखरच वेगळा निघाला. कंपनीच्या माशापेक्षा वेगळा, सरकारी केंद्रातल्यापेक्षा वेगळा, आसपासच्या अकरा हॅचऱ्यांपेक्षा वेगळा. तिने चार रंगांच्या ठिपक्यांचा एक कागद दाखवला, त्यात आपले ठिपके एका कोपऱ्यात घोळका करून बसलेले होते. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांचा अभिमान वाटला. पण पोरी, नुसतं वेगळं असून भागत नाही. हा वाण कुणी, कुठून आणून, कसा घडवला, याची तीन पिढ्यांची लेखी नोंद लागते. कुठली मादी, कुठला नर, कुणाची कुणाशी जोडी. पहिली यादी या महिनाअखेरीला बंद होते. नोंद दिली तर 'स्वतंत्र वाण' म्हणून लागेल, त्याचं बी जतन केंद्रात ठेवतील, आणि उद्या आपली तळी आटली तरी मासा राहील. नाही दिली तर त्याच्यापुढे 'मिश्र, मूळ अज्ञात' असं लिहून ती पुढच्या गावाला जाईल. ही नोंद म्हणजे तुझ्या पाच वह्या, आणि त्या वह्यांवरून आपल्या घरात काय झालं ते तुला नव्याने सांगायला नको.

अज्ञात काय म्हणून? मला तर दिवस आणि वेळ आठवते. तुझ्या सासऱ्यांनी पहिले मासे धरणातून दुधाच्या कॅनमध्ये घालून स्कूटरवर आणले. मी मागे बसून कॅनचं झाकण धरलं होतं आणि घरी येईपर्यंत माझी साडी मांडीपर्यंत भिजली होती. ते गेल्यावर मी एकटीने सतरा वर्षं तळी सांभाळली, पोरगा वाढवला, आणि मला वाटायचं मला माशांतलं सगळं कळतं. मग तू आलीस. शाळेत जीवशास्त्र शिकवणारी, पाण्यात पाय घालायला घाबरणारी. पहिल्या आठवड्यात तू बांधावर उभी राहून विक्री बघत होतीस. ट्रक लागला होता, आम्ही जाळं ओढलं, मोठेमोठे निवडून पाट्यांत भरले आणि किडूकमिडूक पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी परत सोडलं. तीस वर्षं हेच करत आलो होतो. मोठा विकायचा, कारण त्याला गिऱ्हाईक असतं. तू सगळ्यांसमोर विचारलंस, "आई, जे शर्यत जिंकतात त्यांना तुम्ही विकता, आणि जे हरतात त्यांना घरजावई करून घेता?"

जाळं ओढणारे सगळे हसले आणि मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. राग तू बोललीस त्याचा नव्हताच. तीस वर्षांत हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, त्याचा होता. दरवर्षी मासा का लहान होत चाललाय म्हणून मी खाद्य बदलून पाहिलं, पाणी तपासून पाहिलं, तुझ्या सासऱ्यांच्या फोटोसमोर उभी राहून भांडून पाहिलं. हाताने निवडून निवडून आम्ही खुज्या माशांची वंशावळ तयार केली होती, आणि वर त्यांनाच नावं ठेवत होतो.

मग तू ते मणी आणलेस. दुकानातून रंगीत मण्यांच्या पुड्या आणि मासेमारीची नायलॉनची दोरी. पाठीच्या पराच्या बुडाशी सुई घालून एकेका माशाला तीन तीन मणी ओवायला लागलीस. मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते की आमच्या सुनेने माशांना दागिने घालायला काढलेत, थोड्या दिवसांनी लुगडी नेसवील. तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस आणि वहीत लिहायचीस. लाल-पांढरा-लाल, मादी, वजन, आई कोण, बाप कोण. एका आईची लेकरं एका टाकीत येऊ द्यायची नाहीत म्हणून माशांना अंडी घालण्यासाठी इंजेक्शन द्यायच्या दिवसांत तू वही उघडून बसलीस की आमच्याकडे लग्न जुळवणाऱ्याचं ऑफिस थाटल्यासारखं वाटायचं. पत्रिका जुळत नाही म्हणून तू एकदा आठ किलोचा नर परत पाठवलास, तेव्हा मला भोवळ यायची बाकी होती. माशांना नावंही ठेवलीस. मुख्याध्यापिका, भांडखोर, झोपाळू. एक मादी कधी जाळ्यात सापडायचीच नाही, कोपऱ्यातून बरोब्बर निसटायची, तिला तू माझं नाव दिलंस. मला ते कळायला दीड वर्ष लागलं, आणि कळल्यावर मी रागावले नाही, याची नोंद तू वहीत केली असशील असं मला वाटतं.

तिसऱ्या पिढीला तो मासा आठ महिन्यांत विक्रीच्या वजनाला भरायला लागला, ज्याला पूर्वी वर्ष लागायचं, आणि खाद्य उलट कमी. बाजारात लोक 'मण्यांचा मासा' म्हणून मागायला लागले. विकायच्या माशाला मणी नसायचे, तरी नाव पडलं ते पडलं. एका माणसाने तर मणी दिसत नाहीत म्हणून हुज्जत घातली होती, आठवतं? तू त्याला खिशातून चार मणी काढून दिलेस. त्या दिवशी आपण दोघी पेंडीच्या पोत्यांवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो होतो. तुझा नवरा काय झालं म्हणून विचारायला आला, आणि आपण दोघींनीही त्याला सांगितलं नाही. बिचारा तसाच उभा राहिला आणि मग उगाच हसून गेला. आता वाटतं, त्याला सांगायला हवं होतं.

त्याच्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नव्हते. मुलाची वकिली करायला आईने पत्र लिहिलं असं तुला वाटायला नको. तो काही देवमाणूस नाही, मला त्याची आळशी बाजूही माहीत आहे आणि हट्टी बाजूही. कंपनीचा झटपट वाढणारा मासा आणायचं खूळ त्याचंच होतं. तू म्हणालीस, शेजारच्या तळ्यात आणलास तर आज ना उद्या आपल्यात मिसळेल. तो म्हणाला, तुला माझ्यापेक्षा मासे जवळचे. त्यावर तू जे म्हणालीस ते मी लिहीत नाही, तुलाही आवडणार नाही वाचायला. आणि त्याच भांडणात तो बोलून गेला की तुझ्या त्या वह्या एक दिवस तळ्यात बुडवून टाकीन. बोलला आणि दहा मिनिटांत विसरला, त्याचा स्वभावच तो. तू विसरली नाहीस. त्याच आठवड्यात तू तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला म्हणून शहरात गेलीस, तिथे बॅग उघडलीस, आणि बॅगेत वह्या नव्हत्या.

तुझा फोन आला तेव्हा मी तिथेच उभी होते. तो शपथा घेत होता की मी हात लावलेला नाही. तुझा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. तू म्हणालीस, माझं भांडण सहन झालं असतं, पण नऊ वर्षं बुडवलीस ते सहन होणार नाही. मग तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं, तुला तिथेच कॉलेजात शिकवायची नोकरी लागली, आणि यंदा वकिलांचा कागद आला. त्याने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पंप दुरुस्त करायला गेला.

कंपनीचा मासा त्याने आणला नाही, हे तुला कुणी सांगितलं आहे का? मला वाटतं नसेल. तू गेलीस त्याच महिन्यात त्याने ती ऑर्डर रद्द केली. चार नंबरच्या तळ्यातला एकही मणीवाला मासा दोन वर्षांत विकलेला नाही. गिऱ्हाईकं येतात, मोठाले मासे बघून हावरट होतात, आणि हा सांगतो की ते विकायचे नाहीत, ते शाळेत आहेत. काहींचे मणी मांसात रुतले तर हा एकेकाला ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून नवीन दोरी घालत बसतो. तुझ्याइतका हात चालत नाही, बोटांना दहा भोकं पाडून घेतो. जोड्या मात्र लावत नाही. वही नसताना लावल्या तर भावंडांची गाठ पडेल, तिने सगळं सांभाळलं ते माझ्या हातून बिघडायला नको, असं म्हणतो. म्हणून दोन वर्षं चार नंबरमधून नवी पिढी काढलेलीच नाही. मुख्याध्यापिका म्हातारी झाली पोरी. भांडखोर गेल्या वर्षी गेला. अजून दोन हंगाम असेच गेले तर नोंद करायला नाव राहील आणि तळ्यात मासा नसेल, हे फॉर्मबाईने मला स्पष्ट सांगितलं.

परवा ती पुन्हा आली आणि फॉर्म घेऊन ओट्यावर बसली. पालथ्या टबावर कागद, शेजारी चहा. मूळ कुठलं, हे मी सांगितलं. स्कूटरची गोष्ट तिने जशीच्या तशी लिहून घेतली, कॅनसकट. तळ्याचं माप, पाण्याचा स्रोत, खाद्य, सगळं भरलं. मग ती पैदाशीच्या नोंदीच्या पानावर आली आणि तिने विचारलं, वह्या होत्या म्हणता, मग गेल्या कुठे. मी काही बोलायच्या आत तो दाराशी उभा होता तिथूनच म्हणाला, "माझ्याच हातून हरवल्या असतील हो. मला आठवत नाही, पण रागात कुठेतरी टाकल्या असणार. तसंच लिहा, पण तिने सगळं नीट लिहून ठेवलं होतं, हेही लिहा." हे तो चिडून नाही बोलला. अगदी साधेपणाने, पाण्याचा पंप कुठल्या कंपनीचा ते सांगावं तसं. दोन वर्षं त्याने शेड उपसली, माळा उपसला, एकदा तळं अर्धं उपसून गाळात हात घालून शोधलं. आणि इतक्या शोधाशोधीनंतर त्याला खरंच वाटायला लागलंय की हे त्याने केलं.

आता चष्मा पुसून घेतला, आणि लिहिते. वह्या मी घेतल्या होत्या. तू निघालीस त्या सकाळी, तू अंघोळीला गेली असताना, मी तुझ्या बॅगेची चेन उघडली आणि पाचही वह्या काढून पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. तू कपडे कमी घेतले होतेस आणि वह्या सगळ्या घेतल्या होत्यास, त्यावरून मला कळलं की ही तीन महिन्यांसाठी जात नाही. मला वाटलं, मुलासाठी येणार नाही, माझ्यासाठी तर नाहीच नाही, पण वह्यांसाठी तरी येईल. आली की डबा उघडून दाखवीन, भांडेल, रडेल, आणि दोन दिवस राहील. दोन दिवसांचं पुढे बघता येईल. तू आलीच नाहीस, फोनवर त्याला बोललीस, आणि मी शेजारी उभी राहून ऐकत राहिले. पहिल्या दिवशी भीती वाटली, आठव्या दिवशी लाज वाटली, आणि महिन्याने वाटलं आता सांगून काय उपयोग. काल दुपारी त्याला डबा उघडून दाखवला. त्याने हात शर्टाला पुसले. पहिली वही उघडली आणि तुझं अक्षर उभ्याउभ्या वाचत राहिला, मग खाद्याची वेळ झाली म्हणून गेला. अजून माझ्याशी बोलत नाही. तू बोलली नाहीस तरी मी समजून घेईन, तुझं जास्त नुकसान झालंय. माझं चुकलं पोरी. हे वाक्य मला कधी कुणाला म्हणता आलं नाही, तुझ्या सासऱ्यांनाही नाही.

फॉर्मबाई येत्या गुरुवारी तुझ्या कॉलेजवर येते आहे, पाचही वह्या मी आज सकाळी तिच्या हाती दिल्या आहेत. हे पत्र त्याआधी तुझ्या हाती पडावं म्हणून घाईने लिहिलं. वाण कुणी घडवला, त्या जागी तुझं नाव घातलंय, हॅचरीचं नाही आणि त्याचंही नाही. हे त्यालाही विचारलं नाही, पण तो नाही म्हणणार नाही. तुझ्या सहीने तो वाण तुझा होईल, बी हवं तिथे ने, हवी तिथे पैदास कर, आम्ही मासे पाठवू. कोर्टात काय करायचं ते तू ठरव, मी त्यात पडणार नाही. 'ये' असं या पत्रात मी कुठेही लिहिलेलं नाही, नीट बघ. अर्ज हॅचरीच्या मालकिणीच्या नावाने जातो, म्हणून अर्जदार मी. शेवटच्या पानावर विचारलंय, अर्जदाराचं वाण घडवणाऱ्या व्यक्तीशी नातं काय. अठरा पानांत तेवढा एकच रकाना मी कोरा ठेवलाय. तो तू भर. 'काही नाही' असं लिहिलंस तरी चालेल, खाली माझी सही आधीच केलेली आहे.

तुझीच,
तळ्यावरची